अर्धं चित्र झालं आणि घरच पाडलं! आता काय करू?

ओलीरेघ
नमस्कार मंडळी. इथे चित्रं काढणारे बरेच जण आहेत हे वाचून वाचून कळलंय म्हणून विचारते. मी ठाण्यात राहते, बँकेतून व्हीआरएस घेतल्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून दर रविवारी सकाळी बोर्ड, घडीचं स्टूल आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन बाहेर पडते. तलावपाळी, उपवन, कचराळी, येऊरचा पायथा, जिथे सावली मिळेल तिथे. फक्त जलरंग. घरी बसून फोटोवरून काढायला मला जमत नाही, फोटोत सावल्या नुसत्या काळ्या येतात आणि प्रत्यक्षात त्यात जांभळं-निळं काय काय असतं.

तर झालं असं की चरईत एका गल्लीत जुनं एकमजली घर होतं, मंगलोरी कौलं, वर लाकडी कठड्याची गॅलरी, खाली शिवणकामाचं दुकान. गेले वर्षभर येता जाता बघत होते. शेवटी मागच्या रविवारी धीर करून समोरच्या ओट्यावर बसले. हाफ शीट घेतलं. स्केच, आकाश, कौलं आणि डावीकडच्या भिंतीचा पहिला वॉश (पाणीदार रंगाचा थर) एवढं झालं आणि दहा वाजता ऊन फिरलं. म्हटलं घाई नको, पुढच्या रविवारी याच वेळेला येऊ. काल गेले तर भोवती पत्रे ठोकलेले, आत जेसीबी, आणि कौलं एका बाजूला नीट रचून ठेवलेली, बहुतेक विकायला. माझ्या कागदावर छप्पर आहे, खाली घर नाही. तिथे बरोबर उलटं, छपराचा पत्ता नाही आणि भिंती अजून अर्ध्या उभ्या!

फोनमध्ये एकच फोटो आहे, तोही संध्याकाळचा आणि निम्म्या घरापुढे रिक्षा उभी. आता हे अर्धंच सोडू, आठवणीने पुरं करू की फाडून टाकू? तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का?

शेजवान_डोसा
फाडू नका हो! टॉवर झाला की त्याच बिल्डरला विका. लॉबीत लावेल, खाली पितळी पाटी, "ओल्ड वर्ल्ड चार्म".

गणिती
रिक्षा पण घाला चित्रात. ठाण्याचं चित्र आणि रिक्षा नाही हेच मुळात खोटं वाटतं.

काकडआरती
ओलीरेघ ताई, मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे सवयीने सांगतो, हे चित्र आता निसर्गचित्र राहिलं नाही, स्मरणचित्र झालं. एलिमेंटरीला आपण मुलांना स्मरणचित्राचा पेपर देतोच की, "बाजाराचे दृश्य", "पावसातला बसस्टॉप". मुलं बघून काढतात का? तुम्ही वर्षभर ते घर बघितलंय. डोळे मिटून बसा, जेवढं आठवेल तेवढंच काढा. जे आठवत नाही तिथे कागद पांढरा सोडा.

नेरुळची_मी
सरांना अनुमोदन. पण मी असते तर अर्धंच ठेवलं असतं. मला अशी अर्धी चित्रं आवडतात, माझी बहुतेक तशीच असतात, फक्त कारण वेगळं असतं. बाईमाणसाने चार तास बाहेर बसायचं म्हणजे आधी टॉयलेट कुठे ते बघायचं, मग लँडस्केप! पुरुषांच्या कधी डोक्यातही येत नाही हे. माझ्या वहीत प्रत्येक जागेपुढे लिहिलेलं आहे, स्टेशन किती मिनिटं, हॉटेल कुठलं, मॉल किती वाजता उघडतो. सीवूड्सच्या मागे फ्लेमिंगोंचं तळं आहे ना, तिथला उजेड सकाळी सात ते नऊ असा काही असतो की बस, पण मी साडेआठच्या पुढे थांबूच शकत नाही. पाणी पीत नाही मग डोकं दुखतं. त्यामुळे माझे सगळे फ्लेमिंगो बिनपायाचे आहेत, पाय काढायच्या आधीच उठावं लागतं.

शेजवान_डोसा
बिनपायाचे फ्लेमिंगो =)) =))
म्हणजे गुलाबी बदकं.

तिसरा_वॉश
धागा छान आहे. मी पूर्ण वेळ हेच करतो, जेजे कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून २० वर्षं. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पहिलं म्हणजे ताई, पुढच्या रविवारी याच वेळेला येऊ हा भरवसा सोडा. घर असलं तरी सोडा. उजेड तोच मिळत नाही, एका आठवड्यात सूर्य सरकतो, हवेत धूळ कमी-जास्त होते, समोरचा माणूस खिडकीत गादी वाळत घालतो. बाहेर बसून काढायचं तर दोन तासांत चित्र मिटवायचं. त्यासाठी कागद लहान घ्या, क्वार्टर शीट, ११ बाय १५ इंच. हाफ शीट उजेडाला पुरत नाही. बसल्या बसल्या आधी सावल्यांचे आकार पेन्सिलीने पक्के करा आणि मग सावली कितीही सरको, तिच्या मागे पळायचं नाही. नवीन लोक हेच करतात, आठ वाजताची भिंत आणि दहा वाजताचा रस्ता एकाच चित्रात.

दुसरं, तुमचा कागद उन्हात होता का? ओट्यावर म्हणालात म्हणून विचारतो. पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडलं की डोळे दिपतात, सगळं फिकं वाटायला लागतं आणि आपण रंग गडद लावत सुटतो. घरी आणल्यावर चित्र काळंकुट्ट. कागद सावलीत पाहिजे. छत्री लावायची तर पांढरी किंवा काळी. माझ्या एका विद्यार्थिनीने लाल-पिवळी बागेतली छत्री आणली होती, अख्ख्या चित्राला कावीळ.

बाकी पूर्ण करायचं की नाही, त्यावर नंतर येतो, क्लासची मुलं आली.

खाडीकर
वॉशभाऊ, सूर्य सरकतो ते ठीक, आमच्याकडे तर पाणीच सरकतं. मी बेलापूरचा, दिवाळे गावातला. आमच्या जेट्टीवर रविवारी चार-पाच चित्रकार येऊन बसतात. सकाळी येतात तेव्हा भरती, होड्या तरंगताना काढतात, मग चहा पिऊन येतात तर ओहोटी लागलेली. नांगरावरची होडी पाण्याच्या ओढीला तोंड करून उभी राहते. भरतीला तोंड समुद्राकडे, ओहोटीला खाडीच्या आत. तर यांच्या चित्रात एक होडी हिकडे बघते आणि एक तिकडे. एकदा मी एकाला म्हटलं, दादा या दोघींचं भांडण झालंय का? तो म्हणाला कंपोझिशन आहे.

आणि पुढच्या रविवारी त्याच वेळेला येऊन उपयोग नाही, भरती रोज पाऊण तासाच्या वर पुढे जाते. आमच्या आज्याचं गणित सांगतो, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनला भरती, त्यात सहा मिळवले की ओहोटी. खाडीत आत जाल तसं थोडं उशिरा धरायचं. चित्रकारांनी घड्याळ नको, कालनिर्णय बघून यावं.

गणिती
हे भारी आहे! पडताळून बघितलं, १५ गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, पौर्णिमेला दुपारच्या आसपास भरती, साधारण बरोबर येतंय. वाचनखूण साठवली.

अवांतर: सावलीचा विषय निघालाच आहे तर, आपण १९ अंश अक्षांशावर आहोत त्यामुळे मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी असे वर्षातून दोन दिवस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाखाली गायब होते. जुलैत ढगांमुळे कळत नाही. मी एकदा मे महिन्यात ऐरोलीला ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये स्केच करायला बसलो आणि इमारती सगळ्या पुठ्ठ्याच्या का दिसतायत ते कळेना.

अति अवांतर: रंगाची दाबायची धातूची ट्यूब १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने पेटंट केली. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयात भरून न्यायचे.

शेजवान_डोसा
जेवताना वाचत होतो. धन्यवाद.

नेरुळची_मी
मूळ मुद्द्यावर येऊ का? मागे उभे राहणाऱ्या लोकांचं काय करता सगळे? मला "किती घेता?", "माझं काढून द्या ना" आणि "माझी पुतणी पण खूप छान काढते" हे तीन पाठ झालेत.

शेजवान_डोसा
ताई तो मूळ मुद्दा नव्हता. पण चालू द्या.

तिसरा_वॉश
मागे उभे राहणाऱ्यांचा मला त्रास होत नाही, शेजारी बसून मोबाईलवर रील बघणाऱ्यांचा होतो. लहान मुलं सगळ्यात चांगली, खरं बोलतात. उपवनला एक पोरगा अर्धा तास बघून म्हणाला, काका पाणी कधी काढणार? मी तळ्याचं चित्र पूर्ण करून सही करत होतो.

ओलीरेघ
हाहा! सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सरांचं स्मरणचित्र पटलं. वॉशदादा, कागद उन्हातच होता, बरोबर ओळखलंत, कौलं घरी आल्यावर खूपच गडद वाटली.

लोकांवरून आठवलं. मी पेन्सिल समोर धरून, एक डोळा मिटून मापं घेत होते, तर वरच्या गॅलरीतून एक आजी खाली आल्या आणि म्हणाल्या, सर्वेला आलात का? मी म्हटलं नाही हो, चित्र काढतेय. त्यांना पटलं नाही. थोडा वेळ थांबून हळूच विचारतात, आम्हाला किती स्क्वेअर फूट मिळणार ते तुमच्या कागदात असेल ना? मी खूप हसले होते तेव्हा. त्यांना सगळं माहीत होतं, मलाच नव्हतं.

खाडीकर
बोर्ड आणि पेन्सिल घेऊन कुणी उभं दिसलं की आमच्याकडे पण हाच प्रश्न, सर्वे सिडकोचा का महापालिकेचा. आधी लोक जमतात मग चहा येतो. सर्वे नाही म्हटलं की चहा परत जातो.

पागोळी
मी नेहमी वाचनमात्र असतो, आज लॉगिन केलं. जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आम्ही महागिरीला अशाच घरात २६ वर्षं राहिलो. कौलारू, लाकडी जिना, सगळं तुमच्या वर्णनासारखं. तुम्ही सगळे त्याला बघून "काय सुंदर" म्हणता ना, मला खरंच कळत नाही काय दिसतं. मला आठवतात बादल्या. कुठल्या कौलाखाली कुठली बादली हे ठरलेलं होतं, पितळीची मोठी पलंगापाशी, प्लास्टिकची दोन स्वयंपाकघरात, आणि भांडी कमी पडली तर देवघरातला तांब्या. दर मे महिन्यात शाकारणीला माणूस शोधायचा, आधी मिळायचे, नंतर नंतर मिळेनात, मिळाला तर वर चढून चार कौलं बदलायचा आणि उतरताना आठ फोडायचा. वर मांजरी, त्यांचं वेगळंच. वाशांना वाळवी. भाडं नाममात्र म्हणून मालक दुरुस्ती करणार नाही आणि आम्ही करावी तर परवानगी मालकाची. आई त्या जिन्यावरून दोनदा पडली. टॉयलेट खाली, सहा बिऱ्हाडांत दोन.

२०१९ ला फ्लॅट मिळाला, त्याच जागी, नवव्या मजल्यावर. पहिल्या पावसात आई रात्री तीनला उठून बादली शोधत होती, सवयीने.

तर मला एवढंच विचारायचंय, तुमच्या चित्रातल्या कौलांवर ताडपत्री आहे का? पावसाळ्यात टाकलेली ताडपत्री जानेवारीत पण तिथेच असते, कोण काढतंय. वर विटा आणि सायकलचे टायर ठेवलेले असतात उडू नये म्हणून. बहुतेक नसणार चित्रात. त्या आजींनी स्क्वेअर फूट विचारले यात हसण्यासारखं काय होतं तेही सांगा.

शेजवान_डोसा
...पॉपकॉर्न ठेवून दिलं.

नेरुळची_मी
पागोळी, तुमचं सगळं मान्य, पण सूर थोडा जास्त लागलाय. ओलीरेघ ताई स्वतःवर हसल्या, आजींवर नाही. शेवटची ओळ परत वाचा त्यांची.

पागोळी
वाचली. ठीक आहे, तेवढं मागे घेतो. ताडपत्रीचं नाही घेत.

तिसरा_वॉश
ताडपत्रीचं मी बोलतो कारण आरोप आमच्या सगळ्या जमातीवर आहे.

पागोळी, गाळणं हे आमचं कामच आहे हो. समोर जे दिसतं ते सगळं काढायचं तर फोटो काढा, तीन सेकंदात होतं. मी वायरी गाळतो, एसीचे डबे गाळतो, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर तर कायम गाळतो. झाड दोन इंच उजवीकडे सरकवतो. मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो की काय घालायचं यापेक्षा काय सोडायचं ते ठरवा.

आता धंद्याचं सांगतो, तेही खरंखुरं. माझं घर चालतं ते शनिवार-रविवारच्या क्लासवर आणि हिवाळ्यात दोन-तीन वर्कशॉपवर. चित्रं विकली जातात पण त्याचा नेम नाही, गेल्या वर्षी ११ गेली, त्यातली सात एकाच माणसाने क्लिनिकसाठी घेतली. त्याने काय सांगितलं होतं? जुनं ठाणं पाहिजे, कौलारू, पण पेशंटला प्रसन्न वाटलं पाहिजे. निळी ताडपत्री घातली असती तर सातही घरी राहिली असती, आणि घरी आधीच माळ्यावर १५० हाफ शीट आहेत, पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून बायको आणि मी प्लास्टिकमध्ये गुंडाळत बसतो. फ्रेमवाल्याचे पैसे वेगळे. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षं जातात. हे रडगाणं नाही, मी मजेत आहे, पण जुनं कौलारू घर हा आमच्या धंद्यात वडापाव आहे, कधीही खपतो. बाहेरचं कुणी विचारत नाही म्हणून त्यावर बोललं जात नाही, आज विचारलंय म्हणून बोललो.

गणिती
वॉशसर, आदर ठेवून असहमत. वायर गाळणं आणि ताडपत्री गाळणं एकच नाही. वायर सगळ्या शहराची असते, ताडपत्री त्या घराची. ताडपत्री काढली की ते दुसरंच घर होतं, न गळणारं.

तिसरा_वॉश
हम्म. याला लगेच उत्तर नाही माझ्याकडे. चहा घेऊन येतो.

काकडआरती
मी जुन्या पिढीतला, मला दोन्ही बाजू कळतात. आमच्या कोल्हापुरात आबालाल रहिमान होऊन गेले, १९३१ साली वारले. कोटितीर्थाच्या परिसराची त्यांनी इतकी चित्रं केली की तेच पाणी, तीच झाडं, पण सकाळचं वेगळं, तिन्हीसांजेचं वेगळं. मी लहानपणापासून तिथे खेळलो, शेवाळ, धुणी धुणाऱ्या बायका, म्हशी सगळं होतं तिथे. त्यांची चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं हे आमचं कोटितीर्थ नव्हे. नंतर एकदा भल्या पहाटे गेलो तर अगदी तस्संच दिसलं. म्हणजे त्यांनी खोटं काढलं नव्हतं, मी त्या वेळेला तिथे गेलो नव्हतो एवढंच.

पण हेही खरं की मी शाळेत मुलांना "खेड्यातले घर" काढायला सांगायचो तेव्हा कधी कुणी गळकं काढलं नाही, आणि निम्मी मुलं तशाच घरांतून यायची. मी गळकं काढ म्हणून सांगितलंही नाही. मार्क गेले असते.

खाडीकर
माझ्याकडे एक चित्र आहे, एका चित्रकाराने २०११ ला आमच्या जेट्टीवरून समोरच्या उलव्याच्या टेकडीचं काढलं आणि जाताना मला दिलं, चहाचे पैसे म्हणून. तेव्हा काय विशेष वाटलं नाही, कपाटाच्या मागे ठेवलं. आता टेकडी सुरुंग लावून कापली, विमानतळ झाला. परवा माझा पोरगा ते चित्र बघून म्हणतो, बाबा हे कुठलं गाव? त्याच्याच घरासमोरचं.

त्यात ना खाजण नीट आहे ना तिवरं नीट आहेत, सगळी हिरवी ढबढब. तिवराचं पान खालून रुपेरी असतं, वारा आला की अख्खं रान राखाडी होतं, ते कुणालाच येत नाही काढता. टेकडीचा आकार मात्र बरोबर आहे, शिडात वारा भरल्यासारखा. तेवढ्यासाठी आता भिंतीवर लावलंय. त्याने काय गाळलं, काय ठेवलं, मी कधी विचार नाय केला.

नेरुळची_मी
खाडीकर दादा, तिवरांसाठी मी काय करते सांगू, ट्यूबमधला हिरवा घेतच नाही. यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन, आणि किंचित बर्न्ट सिएना, हिरवेपणा मारायला. तरी रुपेरी जमत नाही हे कबूल. पावसाळ्यात येऊर काढायचा तर याहून कठीण, सगळंच हिरवं, पुढचं पण आणि मागचं पण, आणि वॉश तासभर वाळत नाही. मी गाडीत बसून काढते, डॅशबोर्डवर बोर्ड, वायपर चालू.

गणिती
पावसाळी ढगाला अल्ट्रामरीन + बर्न्ट सिएना, एवढ्या दोन ट्यूबवर माझे चार पावसाळे निघाले. ट्यूबमधला तयार करडा, पेन्स ग्रे, वापरणाऱ्यांशी मी बोलत नाही.

शेजवान_डोसा
धागा रंगलाय (शब्दशः). ओलीरेघ ताई कुठे गायब?

ओलीरेघ
इथेच आहे. दोन दिवस मुद्दाम काही लिहिलं नाही.

ताडपत्री होती. निळी, उजव्या अंगाला, निम्म्या छपरावर. वर विटा होत्या आणि एक टायर पण होता, पागोळी, तुम्ही टायर म्हणालात तेव्हा मी फोटो मोठा करून बघितला, संध्याकाळच्या त्या फोटोतही दिसतो. चित्रात मी ती गाळली. विचार करून गाळली असं पण नाही, हातच तिकडे गेला नाही. बर्न्ट सिएनाचा एकसंध वॉश इतका छान उतरला होता की तो तोडावासा वाटला नाही. आणि वर इथे येऊन घर गेलं म्हणून गळा काढला. आजींच्या गॅलरीत पाच-सहा डबे उलटे वाळत घातलेले होते, ते मला फुलझाडांच्या कुंड्या वाटले होते आणि मी तसेच स्केचमध्ये काढलेत. आता वाटतं ते बादल्या असणार.

अपराधी वगैरे वाटून घेत नाहीये, वॉशदादांचं म्हणणंही मला पटतं. पण आता मला ती ताडपत्री घालायची आहे आणि अडचण अशी की खाली गडद कौलांचा रंग बसलाय. जलरंगात गडदावर फिकं कसं घालू?

तिसरा_वॉश
पारदर्शक रंगाने येणार नाही. दोन रस्ते. एक, ओल्या ब्रशने तो भाग हळूहळू उचला, टिश्यूने टिपत. कागद शंभर टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमचा असेल तर सोसेल, साधा असेल तर लोळ्या निघतील. आणि बर्न्ट सिएना पूर्ण निघत नाही, डाग राहतो. दुसरा रस्ता गुआश, अपारदर्शक, थेट वरून बसतो. सेरुलियन निळा घ्या, पांढरा थोडासाच, नाहीतर खडूसारखं दिसेल.

शुद्ध जलरंगवाले आता मला मारायला येतील.

काकडआरती
आलोच. जलरंगात पांढरा म्हणजे कागदाचा पांढरा. आमच्या परीक्षकांनी गुआशचा ठिपका दिसला तरी नंबर कापला असता.

गणिती
सर पण ताडपत्री पण वरूनच टाकलेली असते की! छपरातून उगवत नाही. गुआशच बरोबर.

काकडआरती
हा युक्तिवाद मला आवडला. या वेळी नंबर कापत नाही.

पागोळी
ताई, मला चित्रातलं काही कळत नाही, पण ताडपत्रीचा निळा दुकानात मिळतो तसा नसतो. दोन उन्हाळ्यांनी तो पांढरट होतो आणि घडीच्या रेषांवर आधी फाटतो, तिथून कौलं दिसतात. कडेला सुतळीने बांधलेली असते. कुंड्यांचं म्हणाल तर तुम्हाला कुंड्या दिसल्या असतील तर त्या कुंड्याही असतील. आमची आई फुटक्या बादलीत गवती चहा लावायची.

आणि अर्धवट भिंतीबद्दल विचारलं होतंत, आमच्याकडे चुन्याच्या भिंतीला खालून हातभर ओल यायची, हिरवट-तपकिरी, त्याच्या वर पोपडे. तेवढं आठवणीने घालायला हरकत नाही, सगळ्यांकडे सारखंच असायचं.

ओलीरेघ
हातभर म्हणजे खिडकीच्या खालपर्यंत का?

पागोळी
खिडकीच्या बरंच खाली. दाराच्या खालच्या बिजागरीपर्यंत धरा.

ओलीरेघ
धरलं. कागद कॉटनचाच आहे पण उचलून बघायची हिंमत नाही, गुआश आणते.

नेरुळची_मी
मंडळी, या रविवारी बेलापूरला जमायचं का? खाडीकर दादांच्या जेट्टीवर. स्टेशनपासून रिक्षा आहे आणि स्टेशनला टॉयलेट आहे, मी तपासलंय.

खाडीकर
या की. रविवारी षष्ठी आहे. सहा पाऊणे साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारला भरती आणि साडेदहा-अकराला पूर्ण सुकती. सातला आलात तर पाणी उतरताना मिळेल, नंतर नुसता चिखल. होड्यांची तोंडं सगळ्यांची आत असतील, आधीच सांगून ठेवतो.

गणिती
येतो. चिखलाला कुठला रंग?

खाडीकर
येऊन बघ ना भावा.

शेजवान_डोसा
मला चित्र येत नाही. चहा कुणाचा आहे ते सांगा, सर्वे आहे म्हणून सांगायला मी येतो.